रील सोड, सगळी 90 मिनिटं बघ

पेले, गारिंचा, पुश्काश हे जुने फुटबॉलपटू मैदानावर बघायला मिळाले नाहीत म्हणून हळहळतोयस ना? मग आधी गोलांच्या रील बंद कर. त्यांत नुसता शेवटचा फटका दिसतो, खेळाडू दिसत नाही.

सुरुवात 1970च्या वर्ल्ड कप फायनलने कर. ब्राझील 4, इटली 1. 86व्या मिनिटाचा चौथा गोल सगळ्यांना पाठ असतो, पण त्याची खरी सुरुवात ब्राझीलचा क्लोदोआल्दो आपल्याच अर्ध्यात इटलीवाल्यांना एकामागून एक चकवतो तिथे आहे. पेलेपाशी बॉल आला की व्हिडिओ थांबव. घाई नाही, मान वळवणं नाही. बॉल अलगद उजवीकडे सरकवतो, आणि तोवर पडद्यावर नसलेला त्याचा साथीदार कार्लोस आल्बेर्तो धावत येतो.

मग 1953, लंडनचं वेम्बली: हंगेरी 6, इंग्लंड 3. हंगेरीच्या पुश्काशला विसर, पंधरा मिनिटं त्यांच्याच 9 नंबरच्या हिदेगकुटीवर नजर ठेव. सेंटर फॉरवर्ड (सगळ्यांत पुढचा आक्रमक) असून तो मागे उतरतो. इंग्लंडचा सेंटर हाफ (मधला बचावपटू) त्याच्यामागे गेला तर पाठीमागे भगदाड, थांबला तर हिदेगकुटी मोकळा.

जुना खेळ संथ वाटला तर नियम आठव. 1992पर्यंत साथीदाराने मागे दिलेला बॉल गोलकीपर सरळ हातात घ्यायचा. 1970पूर्वी वर्ल्ड कपात बदली खेळाडूच नव्हता. शिवाय चामड्याचा बॉल पाणी प्यायचा. जुलैत नाशिकच्या गंगापूर रोडच्या एखाद्या चिखलाळ मैदानावर अर्धा तास ड्रिब्लिंग कर, आणि मग 1962च्या वर्ल्ड कपातला गारिंचा लाव.