जुन्या सीएनसी मिलिंगचा कंट्रोल गेला, तर रेट्रोफिट परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या शॉपमध्ये १९८०च्या दशकातलं व्हर्टिकल सीएनसी (कॉम्प्युटरने चालणारं) मिलिंग आहे. जुना फॅनक कंपनीचा कंट्रोल मधूनच बंद पडतो, बोर्ड मिळत नाहीत आणि भंगारवाला चकरा मारतोय. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रेट्रोफिटचं, म्हणजे जुन्या मशीनला नवा कंट्रोल बसवायचं काम करतो. डायल गेज लावून झीज बघितल्याशिवाय मशीन भंगारात देऊ नका. त्या काळचं कास्टिंग चांगलं असेल, तर तेवढ्याच वजनाचं नवं मशीन घ्यायला आज फार मोठी रक्कम लागते.

कंट्रोल अजून अधूनमधून चालू होतोय ना? मग आजच पॅरामीटरच्या (मशीनच्या सेटिंगच्या) प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. ते बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून असतात, म्हणून बॅटरी बदलायची तर मशीनची पॉवर चालू ठेवूनच. बॅकलॅश कॉम्पेन्सेशनचा (दिशा बदलताना स्क्रूत जाणारी ढिलाई कंट्रोल भरून काढतो, त्याचा) आकडा लिहून घ्या आणि तो शून्य करा, नाहीतर पुढची तपासणी फसवी निघेल.

आता स्पिंडलला मॅग्नेटिक स्टँड लावून डायलचा पिन टेबलवरच्या ब्लॉकला टेकवा. हँडव्हीलने ०.०१ मिमीच्या पल्स देत एका बाजूला जा, मग उलटं फिरवा. काटा हलायच्या आधी किती पल्स वाया जातात ते मोजा. हे टेबलच्या मध्यावर करा आणि दोन्ही टोकांनाही करा. सगळीकडे दोन-तीन पल्स वाया जात असतील तर नवा कंट्रोल ते सहज सांभाळतो. मध्यावर आठ आणि टोकाला एक, असं निघालं तर बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) मधे झिजलाय. एकच कॉम्पेन्सेशन दोन्हीकडे बसत नाही, तिथे आधी स्क्रूचा खर्च धरा. स्लाइडवर तेल पोचतंय का, हेही त्याच वेळी बघा.

लोखंड पास झालं की मोटर आणि तिला पॉवर देणारा ड्राइव्ह तपासा. ड्राइव्ह ±१० व्होल्ट ॲनालॉग कमांड घेत असेल, मोटरचे कार्बन ब्रश आणि टॅको (वेग मोजणारा जनरेटर) ठीक असतील, तर ते ठेवता येतात. पीसीवर चालणारं लिनक्ससीएनसी हे कंट्रोल सॉफ्टवेअर (मूळ काम अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतलं, १९९०च्या दशकातलं), मेसा कंपनीचं ७आय७७ कार्ड आणि ते पीसीला जोडणारं मेसाचंच एफपीजीए कार्ड, एवढ्यावर पोझिशन लूप बंद होतो, म्हणजे कंट्रोल ॲक्सिसची जागा मोजत ती दुरुस्त करत राहतो. मात्र मोटरच्या मागे जागा मोजायला रिझॉल्व्हर (जुना ॲनालॉग सेन्सर) असेल तर ७आय७७ला तो थेट चालत नाही; त्या जागी एन्कोडर (पल्स देणारा सेन्सर) बसवावा लागतो किंवा रिझॉल्व्हर वाचणारं वेगळं कार्ड घ्यावं लागतं.

पण शॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स समजणारा माणूस नसेल आणि पार्टीचा माल रोज जायचा असेल, तर मी फॅनक किंवा सीमेन्सचा कंट्रोल, ड्राइव्ह, मोटर असा पूर्ण सेट घ्यायला सांगेन. महाग पडतो, पण बिघाड झाला की फोन करायला इंजिनिअर असतो. शिवाय तुमचे ऑपरेटर फॅनकवर तयार झालेले. लिनक्ससीएनसीचा जी-कोड (मशीनच्या प्रोग्रामची भाषा) बराच तसाच असला तरी फॅनकचे मॅक्रो (व्हेरिएबल वापरणारे छोटे प्रोग्राम) त्यावर चालत नाहीत, ते नव्याने लिहावे लागतात.

मोठ्या डायचा (साच्याचा) प्रोग्राम मेमरीत न मावण्याचं दुखणं दोन्हीत संपतं. जुन्या कंट्रोलची मेमरी भोकं पाडलेल्या कागदी टेपच्या मीटरमध्ये मोजत. ८० मीटर म्हणजे जेमतेम ३२ केबी.

वायरिंगमध्ये काटकसर नको. कूलंट आणि तेलाने जुन्या वायरचं इन्सुलेशन कडक होऊन वाकवताच तडकतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात पॅनेलमध्ये दमट हवा शिरली की कधी कुठे काय शॉर्ट होईल सांगता येत नाही. एन्कोडरला शिल्डेड केबल, वेगळी नीट अर्थिंग, पॅनेलचा दरवाजा गच्च. कॉन्टॅक्टर, रिले मुंबईच्या लोहार चाळीत मिळतात. इमर्जन्सी बटण थेट कॉन्टॅक्टर तोडणारं हवं, सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका.

पहिल्यांदा पॉवर देताना ड्राइव्ह एनेबल करू नका. स्क्रू हाताने फिरवा आणि स्क्रीनवरचा आकडा योग्य दिशेला, योग्य तेवढाच सरकतोय का बघा. फीडबॅकची दिशा उलटी असेल तर एनेबल होताच ॲक्सिस पूर्ण वेगाने टोकाकडे धावतो. म्हणून टेबल मध्यावर ठेवा आणि एक माणूस इमर्जन्सीवर हात ठेवून उभा करा. झेडचा (वर-खाली जाणाऱ्या ॲक्सिसचा) ब्रेक आधी तपासा, आणि तोवर हेडखाली लाकडाचा ठोकळा राहू द्या. टूल चेंजर सगळ्यात शेवटी जोडा.

ड्राइव्हची नेमप्लेट आणि मोटरच्या मागचा फीडबॅक सेन्सर, दोन्हींचे फोटो इथे टाका. जुने ड्राइव्ह ठेवता येतील का, ते बघून सांगतो.