वरची ओळ पण वाचा की

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की चर्चमधल्या बायकांचे काही प्रश्न असतील तर विचारा, तर हे इतके आलेत. त्यातले निम्मे "आमचे हे बायबल काढून दाखवतात" इथनंच सुरू होतात. घेते एकेक. काहींना अगदी थोडक्यात उत्तर देतेय, राग मानू नका.

प्रश्न (नाशिकरोड): सलाम बाई. लग्नाला ११ वर्षं झाली. भांडण झालं की नवरा इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढतो, बायकोने अधीन राहायचं म्हणतो. दोनदा हात पण उचललाय. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले सहन कर, प्रार्थना कर, देव त्याचं मन बदलेल. माझं काही चुकतंय का?

नाही, तुझं काही चुकत नाहीये. हे आधीच सांगून टाकते.

आता तो अध्याय. तुझा नवरा बाविसाव्या वचनापासून सुरू करतो ना, त्याला म्हणावं एक ओळ वर जा. एकविसाव्यात आहे एकमेकांच्या अधीन असा, एकमेकांच्या, म्हणजे दोघांनी. आणि गंमत अशी की सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनात "अधीन असा" हे क्रियापदच नाहीये, ते वरच्या ओळीतनं घ्यावं लागतं, म्हणजे वरची ओळ गाळून खालची वाचायची सोयच नाही मुळात. पुढे पंचविसाव्यापासून नवऱ्यांना सांगितलंय, ख्रिस्ताने मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला देऊन टाकलं तशी बायकोवर प्रीती करा. बायकांच्या वाट्याला तीन वचनं, मग अध्याय संपेपर्यंत जवळजवळ सगळं नवऱ्यांसाठीच. त्या काळी रोमी राज्यात घरच्या पुरुषाचाच शब्द चालायचा, बायकांनी ऐकून घ्यायचं हे कुणाला नव्याने सांगायची गरजच नव्हती. नवऱ्याने बायकोसाठी जीव द्यायचा, हे त्या लोकांना नवीन होतं.

अजून एक, पेत्राचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय, सातवं वचन. बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल असं तिथे नवऱ्यांना सांगितलंय. पाळकसाहेब तुला प्रार्थना कर म्हणतात, पण इथे प्रार्थना अडलीय ती तुझ्या नवऱ्याची.

पण नुसती वचनं दाखवून मार थांबत नाही हे मलाही कळतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, घटस्फोट मागावाच लागतो असं नाही. संरक्षण अधिकारी असतो त्याच्याकडे जा किंवा सरळ मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज कर, घर त्याच्या नावावर असलं तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुला बाहेर काढता येत नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, नंबर पाठ करून ठेव. आणि पुढे वेगळं व्हायचं ठरलंच तर २००१ च्या दुरुस्तीआधीच्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावर घटस्फोट मिळत नव्हता, नवऱ्याचा व्यभिचार पण सिद्ध करावा लागायचा आणि नवऱ्याला मात्र नुसता व्यभिचार पुरायचा, १८६९ चा कायदा होता तो! आता तसं नाही, छळ हे कारण एकटंच पुरतं. कॅथलिक असशील तर तुमच्या चर्च कायद्यातसुद्धा जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायची मुभा आहे, कलम ११५३, फादरना दाखव.

प्रश्न (शरणपूर रोड): वडील गेले, मृत्युपत्र नाही. आई आहे, आम्ही दोन बहिणी आणि एक भाऊ. भाऊ म्हणतो तुम्हाला लग्नात सोनं दिलं, आता घरात वाटा कसला. मंडळीतले वडीलधारे म्हणतात ख्रिस्ती माणसाने सख्ख्या भावावर कोर्टात जाऊ नये.

१९२५ चा भारतीय वारसा कायदा. आईला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश तुम्हा तिघांत सारखे, मुलगा मुलगी फरक नाही. म्हणजे घराचे नऊ भाग केले तर आईचे तीन आणि तुमचे प्रत्येकी दोन. आणि सोन्याचं म्हणाल तर कलम ४९ बघा, बापाने हयातीत मुलांना पुढच्या सोयीसाठी जे दिलं ते वाटणीत वजा धरायचं नाही. भावाच्या शिक्षणाचा खर्च कोणी मोजत बसत नाही ना, तसंच ते. (आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांत रूढीचा प्रश्न येऊ शकतो, पेठ सुरगाण्याकडच्या वाचकांनी वकिलाला विचारूनच पुढे जावं.)

केरळात त्रावणकोर भागात मुलींना मुलाच्या पाव हिस्सा नाहीतर ५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं, मेरी रॉय बाई सख्ख्या भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ साली जिंकल्या. तेव्हाही चर्चच्या लोकांनीच नाकं मुरडली होती.

आता वडीलधाऱ्यांचं. बायबलमधल्या पत्रात पौलाने करिंथच्या मंडळीला एकमेकांवर कोर्टात जाऊ नका असं लिहिलंय खरं, पण तिथेच पुढे तो त्यांना म्हणतो की तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच लुबाडता आणि तेही आपल्याच भावांना. ते कोणी भावाला वाचून दाखवलं का? आणि बायबलातल्या गणना पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, देव म्हणतो बरोबर बोलतायत, त्यांना द्या. आधी भावाला घरी बोलवा, आईला शेजारी बसवा, कागदावर नऊ भाग काढून दाखवा. नाहीच ऐकलं तर वकील.

प्रश्न (देवळाली कॅम्प): पाळीत प्रभूभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घ्यायचं नाही असं सासूबाई सांगतात. खरंच असं आहे का?

मार्कच्या पाचव्या अध्यायातली बाई १२ वर्षं रक्तस्रावाने आजारी होती, जुन्या नियमाप्रमाणे ती ज्याला शिवेल तो अशुद्ध. ती येशूच्या वस्त्राला शिवली. तो रागावला नाही, "मुली" म्हणाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला. विषय संपला. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांच्या लहानपणी घरात विटाळ पाळत असतील, बाप्तिस्मा झाला म्हणून सगळं धुऊन निघतं असं नाही! तुम्ही गुपचूप उठून रांगेत उभ्या राहा.

प्रश्न (सातपूर): मिसेसना अंबडच्या कंपनीत जॉब मिळतोय. आई म्हणते नीतिसूत्रे ३१ मधल्या सद्गुणी स्त्रीसारखं घर सांभाळावं.

अहो वाचा की तो अध्याय. ती बाई स्वतः शेत बघून विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून व्यापाऱ्यांना विकते, रात्री तिचा दिवा विझत नाही. नवरा वेशीत जाऊन बसतो. द्राक्षमळा म्हटल्यावर तर नाशिकच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न (पंचवटी): मी दोन वर्षांपासून चर्चला जातोय, बाप्तिस्मा घ्यायचाय. बायको देवपूजा करते, तिला हे पटत नाही. काही लोक म्हणतात तू कुटुंबप्रमुख, तिला पण आण.

आणू नका. ती काय सामान आहे? पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात लिहिलंय, विश्वास न ठेवणारी बायको सोबत नांदायला राजी असेल तर तिला सोडू नका. बस, एवढंच तुमचं काम.

आणि लांब कशाला जाता, लक्ष्मीबाई टिळक आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. त्यांच्या यजमानांनी, रेव्हरंड टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली, मधली पाच वर्षं त्यांनी काय काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. आल्या त्या स्वतःच्या डोक्याने, स्वतःच्या वेळेला. तुमच्या बायकोला यायचं नसेल तर ती येणार नाही, तेही चालेल. तोवर रविवारी उपासनेहून घरी आलात की स्वयंपाकाला हात लावा, गेल्या दोन वर्षांत रविवारची सकाळ ती एकटीच काढतेय ना.