टाच दाबून बसणारी मुलगी

प्रश्न : माझी मुलगी ७ वर्षांची आहे. रात्री अंथरूण कोरडं असतं, पण दिवसा चड्डी सारखी ओलसर. खेळता खेळता मध्येच खाली बसते, एक टाच खाली दाबून धरते आणि विचारलं तर म्हणते, ‘मला शू नाही लागली.’ दोनदा लघवीत जंतुसंसर्ग झाला. आळस समजून मी रागावले, एकदा फटकाही दिला. नळी घालून तपासणी करावी लागेल का? – एक आई

उत्तर : आधी रागावणं थांबवा. मूत्राशय अचानक आवळलं जातं, ते ती टाचेने थोपवते. कळ ओसरली की तिला खरंच शू लागलेली नसते!

मूल आलं की मी पहिल्यांदा शौचाचं विचारते. ‘रोज होते हो,’ हे आयांचं ठरलेलं उत्तर. मग मी मुलालाच विचारते, शेळीच्या लेंड्यांसारखी होते का? मूल हसतं आणि मान डोलावतं. गुदाशय मूत्राशयाच्या मागेच असतं. तिथे कडक मळ साठला की तो मूत्राशयावर दाबतो. जागा कमी होते आणि लघवी पूर्ण होत नाही.

सुट्टीचे दोन दिवस मोजपात्र घेऊन प्रत्येक शूची वेळ आणि माप डायरीत लिहून आणा. वयात १ मिळवून ३० ने गुणायचं, म्हणजे तिच्या मूत्राशयात साधारण २४० मिली मावायला हवी. दर वेळी ७०-८० च होत असेल तर एक अर्थ, दिवसातून तीनदाच जाऊन ४०० होत असेल तर अगदी वेगळा.

लघवीची तपासणी, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखणं), आणि सोनोग्राफी शू करण्याआधी व नंतर. नंतरही २० मिलीहून जास्त उरत असेल तर आम्ही दखल घेतो. यूरोफ्लोमेट्रीत, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजताना, फक्त खास खुर्चीवर बसून शू करायची; आलेख टेकडीसारखा आला तर छान, करवतीसारखा आला तर मूल शू करताना खालचे स्नायू आवळतंय. कंबरेखाली खळगा किंवा केसांचा पुंजका आहे का, हेही मी बघते; ती मणक्यातल्या दोषाची खूण असू शकते. हे सगळं ठीक असेल तर सुरुवातीलाच नळीची गरज नसते. ताप येऊन संसर्ग झाला असेल किंवा उपचार लागू पडले नाहीत, तर तो विचार.

उपचारात आधी पोट. मळ मऊ ठेवणारं औषध काही महिने चालतं. चार दिवसांत पोट साफ झालं म्हणून बंद करू नका. दर दोन-अडीच तासांनी, लागली नसली तरी, शू. कमोड असेल तर पायांखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळले की खालचे स्नायू सैल पडत नाहीत. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या. मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी मी घाईने देत नाही, कारण तिनेच बद्धकोष्ठ वाढतं.

मात्र लघवी सतत ठिबकत असेल, पायात जोर कमी वाटत असेल, किंवा थंडी वाजून ताप आला, तर डायरी पूर्ण व्हायची वाट न बघता लगेच दाखवा.