फिकट हिरवा दिला तर घर हॉस्पिटल वाटेल का?

प्रश्न: ताई, ऐरोलीला आम्ही जुना वन बीएचके घेतलाय. हॉलला मला फिकट हिरवा, म्हणजे पिस्त्यासारखा रंग हवाय, पण सासूबाई म्हणतात हॉस्पिटल वाटेल. सोफा सागवानी आहे, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला. पेंटर म्हणतो गणपतीआधी उरकून टाकू. काय करू?

उत्तर: सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाहीये हं. 1914 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सर्जनने ऑपरेशन थिएटर हिरवं करून घेतलं, कारण पांढऱ्या भिंतींच्या चकाकीने त्यांचे डोळे दिपायचे आणि लाल रक्त बघून शिणलेल्या नजरेला हिरव्यावर आराम मिळतो. पुढे हा रंग हॉस्पिटलांत पसरला, तोच सासूबाईंच्या डोळ्यासमोर असणार.

पण घरात हॉस्पिटल आणते ती ट्यूबलाइट! माझ्या ठाण्याच्या घरी बेडरूमला मी असाच पिस्ता दिला होता, दिवसा इतका छान दिसायचा आणि संध्याकाळी ट्यूब लावली की भिंत निळसर आणि आईचा चेहरा आजारी माणसासारखा, मी तर दुसऱ्याच दिवशी दिवे बदलले. बॉक्सवर 6500 केल्विन लिहिलेलं असतं तो पांढराफटक उजेड, तुम्ही 3000 किंवा फार तर 4000 चे घ्या. त्यात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, उजेड दिवसभर थंडच राहतो, म्हणून मिंट वगैरे निळ्याकडे झुकणारा हिरवा नकोच. किंचित पिवळसर, जरासा मातकट असा बघा, सागवानी सोफ्याशेजारी तो फार सुंदर दिसतो. पडदे ऑफ व्हाइट सुती घ्या, सीलिंग पांढरंच ठेवा.

शेडकार्डावरून रंग ठरवू नका, चारही भिंतींना लागला की त्या एकमेकींवर रंग फेकतात आणि तो कार्डापेक्षा गडद वाटतो. आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी अशी दुसरी शेडही घ्या, दोन्हीचे छोटे डबे आणून दोन बाय दोन फुटांचे पट्टे मारा, प्रत्येक शेडचा एक खिडकीजवळ आणि एक आतल्या कोपऱ्यात, दोन दोन हात. मग सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून सासूबाईंसोबत बघा.

आणि पेंटरचं एवढं ऐकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे भिंती ओल धरून असतात, वरून कितीही भारी इमल्शन मारलं तरी पुढच्या वर्षी पोपडे निघणारच. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर घरातून प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून 24 तास ठेवा, प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर आधी बाहेरची भेग, गळती बघून घ्या, भिंत वाळू द्या, मग पुट्टी आणि प्रायमर. गणपती जुन्याच रंगात बसू देत, दिवाळीआधी पाऊस थांबून ऊन पडलं की काम काढा.