प्रतिनिधी म्हणून स्वतःहून नाव द्यावे का?

धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालील मंडळ्यांच्या, कौन्सिलसाठी आपल्या मंडळीचा (स्थानिक चर्चचा) प्रतिनिधी म्हणून स्वतःहून नाव द्यावे का, आणि कारभाऱ्यांशी असलेले मतभेद आधीच बोलून दाखवावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर दोन्हीला ‘होय’ असेच आहे. पहिल्या प्रश्नावर माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा अकरा वर्षे वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दादाच्या मते सेवेचे बोलावणे यावे लागते. जो स्वतःहून पुढे होतो त्याच्या मनात खुर्ची असते. मला हे मुळीच पटत नाही. १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि मंडळीने आपले वडील (कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद) आपणच निवडावेत ही रीत इथे रुजली. १९७० मध्ये नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्या व्यवस्थेत बिशप आहेत, तरी सामान्य सभासदांच्या प्रतिनिधींचे मतही आहे. मात्र नावच कोणी देत नसेल, तर त्या मताला अर्थ काय राहतो? बोलावणे कोणाला येते, हे मग चहाच्या टेबलाभोवतीची चार माणसे ठरवतात.

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे एका वर्षी मंडळीचे हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे आले. लाल कापडी बांधणीच्या खातेवहीत कबरस्तानाच्या कुंपणासाठी जमलेले अडतीस हजार रुपये ध्वनिवर्धकाच्या बिलापोटी गेलेले दिसले. पावती होती, सामान वेदीजवळ उभे होते, फक्त कमिटीचा ठराव नव्हता. लहानपणी मला शब्बाथशाळेत शिकवलेल्या एका वडिलांना मी ते पान दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मिटला आणि म्हणाले, “पोरी, घरातले घरात राहू दे.” वार्षिक सभेत “हिशेबाबद्दल कोणाला काही विचारायचे आहे का?” असे पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी खाली पाहत बसले.

उपासना संपल्यावर बाहेर चिंचेखाली मात्र मी चार बायकांना ते सांगितले. संध्याकाळपर्यंत खजिनदाराने पैसे खाल्ले अशी बातमी घरोघर झाली. त्या माणसाने एक रुपयाही घेतला नव्हता. पाच महिने तो उपासनेला आला नाही, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी त्याची पत्नी मुलांना घेऊन मागच्या बाकावर एकटी बसलेली मी पाहत होते. सभेत दोन मिनिटांत सांगून संपले असते, ते मी झाडाखाली बोलले, म्हणून एका निर्दोष घराला त्याची झळ लागली. बायबलमध्ये अंत्युखिया शहरात प्रेषित पौलाला प्रेषित पेत्राचे वागणे खटकले, तेव्हा तो सर्वांसमोर त्याच्या तोंडावर बोलला, पाठीमागे नाही. हे वचन लहानपणापासून पाठ असून मला ऐन वेळी उपयोगी पडले नाही.

खजिनदाराच्या घरी खातेवही घेऊन गेले आणि माफी मागितली. पुढच्या वार्षिक सभेत उभी राहून ठरावाची चूक आणि माझी चूक दोन्ही सांगितल्या, आणि त्याच सभेत प्रतिनिधी म्हणून माझे नाव दिले. शेजारी बसलेला दादा माझा पदर ओढून खाली बसवू पाहत होता. दोन जागांना तिसरे नाव आले, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि मी सात मतांनी निवडून आले.

मेजवानीत खालच्या जागी बसावे, हे प्रभूचे वचन दादा आजही मला ऐकवतो. मी त्याला बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातला योथामाचा दृष्टांत सांगते: जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल या तिघांनीही राज्य नाकारले, तेव्हा झाडांवर राज्य करायला काटेरी झुडूप तयार झाले. यशया संदेष्ट्यानेही कोणी नाव सुचवायची वाट पाहिली नाही. “हा मी आहे, मला पाठीव” असे तो स्वतः म्हणाला.

मतभेद कसे सांगावेत, तर नाव देण्याआधी पाळकांच्या घरी जाऊन त्यांना स्वतः सांगावेत. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू नयेत. मात्र घरातील कोणी मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात पगारावर असेल, तर आधी त्यांच्याशी बोला, कारण तुमच्या बोलण्याचा त्रास त्यांना होऊ शकतो. आणि एखाद्या माणसावरचा राग हेच नाव देण्याचे कारण असेल, तर हे वर्ष जाऊ द्या.

यंदा दादाच्या मुलीने स्वतःच्या हाताने अर्ज भरला आहे. अनुमोदक म्हणून मी सही केली. सूचकाची जागा तिने वडिलांसाठी मोकळी ठेवली आहे, आणि तो कागद बुधवारपासून दादाच्या टेबलावर आहे.