पिन बरोबर पडला म्हणजे वडिलांनीच दिला, असं होत नाही

नमस्कार दादा. तुम्ही लिहिलंय की वडील सेलूच्या मोंढ्यात सोयाबीन घालून एटीएमला गेले, कार्ड नीट जाईना म्हणून मागं उभ्या पोरानं "द्या काका, मी करतो" म्हणत कार्ड घेतलं, पिन दाबताना बघून ठेवला आणि जाताना दुसऱ्याच कुणाचं कार्ड हातात दिलं. दुपारी चाळीस हजार गेले, तुम्ही लगेच शाखेत फोन करून सांगितलं, तरी संध्याकाळी अजून वीस हजार निघाले, आणि आता बँकवाले म्हणतात पिन बरोबर पडलाय, आमचा संबंध नाही.

संबंध आहे. रिझर्व्ह बँकेनं 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात जबाबदारी ग्राहकाची हे सिद्ध करायचं काम बँकेवर टाकलं. आता खरं सांगतो, अनोळखी माणसाकडं कार्ड दिलं याला बँक निष्काळजीपणा म्हणणार, त्यामुळं पहिल्या चाळीस हजारांसाठी भांडावं लागेल, तिथं मी खात्री देत नाही. पण वीस हजारांचं तसं नाही, ग्राहकाची चूक धरली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातं ते बँकेनंच सोसायचं. म्हणून तुमच्या फोनची वेळ लाखमोलाची आहे, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढा, पासबुकात एंट्री मारून घ्या.

तक्रार अर्ज मात्र स्वतः लिहा. शाखेतला माणूस घाईत "पिन सांगितला" असं लिहितो, वडील खाली सही करतात आणि केस तिथंच मरते. सांगितला नाही, चोरून बघितला, हे जसं घडलं तसंच लिहा, पोच घ्या. त्यातच एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायची मागणी करा, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आजच. पोलीस स्टेशनला चोरी, फसवणूक आणि आयटी ॲक्ट कलम 66सी (दुसऱ्याची ओळख, पासवर्ड चोरून वापरणं) सांगा, गुन्हा नोंदवून घेत नसतील तर बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम 173(4) खाली परभणीच्या एसपींना पोस्टानं अर्ज पाठवा. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाही म्हणाली, तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडं जा, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

वडिलांना घरात कुणी बोलू नका, त्यांनाच जबाब द्यायचाय, घाबरलेला माणूस वेळा विसरतो. आणि ते बदललेलं कार्ड फेकलं नसेल तर पाकिटात घालून ठेवा, बहुतेक ते आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं, त्या खात्यावरून पोलिसांना माग लागू शकतो, पंचनाम्यात त्याचा नंबर आलाच पाहिजे.