कुंडीतल्या शोभेच्या गवताची टोकं करपताहेत, घरात ते जगवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये नर्सरीतून 'ग्रास' म्हणून एक कुंडी आणली, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या कोपऱ्यात ठेवली, रोज न चुकता पाणी घालता, आणि तरी कुलर सुरू झाल्यापासून पानांची टोकं तपकिरी होत चालली आहेत. मी नागपुरातच राहतो आणि गेली बरीच वर्षं घरात अशा कुंड्या सांभाळतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं काम म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखणं. आपल्याकडे नर्सरीत 'ग्रास' म्हणून तीन अगदी वेगळी झाडं मिळतात. एक काडी बुडापासून कापून पाहा. ती आतून स्पंजासारखी भरीव असेल, अधेमधे पेर नसेल आणि टोकाला छत्रीच्या काड्यांसारखी पानं पसरली असतील, तर तो अंब्रेला पाम. नावात पाम असला तरी तो आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्या कुळातला आहे, आणि मूळचा आफ्रिका-मादागास्करकडच्या ओलसर जागांमधला. काडी गोल, पेरं असलेली आणि वर कोल्ह्याच्या शेपटीसारखा तुरा असेल तर ते फाउंटन ग्रास. हे खरं गवत, बाजरीच्या जवळच्या नात्यातलं. आणि काडी नसेलच, जमिनीतूनच गडद हिरवी चिवट पानं झुपक्याने निघत असतील, तर ते मोंडो ग्रास. ते तर गवताच्या कुळातलंही नाही.

हे ओळखल्याशिवाय पाण्याचा सल्ला देता येत नाही, कारण पहिल्याला पाय पाण्यात हवेत, दुसऱ्याला सतत ओल चालत नाही आणि तिसरं यांच्या मधलं आहे. फाउंटन ग्रास निघालं तर त्याला आजच बाल्कनीत हलवा. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. हॉलमध्ये ते लांबुळकं होऊन कलंडतं आणि हळूहळू संपतं. कितीही जीव लावला तरी ते खोलीत टिकत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय.

तुमच्या वर्णनावरून मला तो अंब्रेला पाम वाटतो, म्हणून पुढचं मुख्यतः त्याच्याबद्दल.

करपलेली टोकं पाहिली की आपण पाणी वाढवतो. पण पाणी किती घालतो इतकंच ते कुठलं घालतो हेही पाहायला हवं. माझ्या घरी दर आठवड्याला कुलरची टाकी रिकामी व्हायची आणि ते पाणी वाया जाऊ नये म्हणून मी कुंड्यांना घालायचो. दोन उन्हाळे टोकं जळत राहिली. मग एकदा कुलरच्या ताट्या (पाणी झिरपणाऱ्या बाजूच्या गवती जाळ्या) बदलताना त्यांच्यावर साचलेला पांढरा खर हातात आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुलर पाण्याची वाफ करतो, क्षार मात्र टाकीतच राहतात. वरून आपण पुन्हा पाणी भरतो, त्यातले क्षारही जमा होतात. आठवडाभरात टाकीतलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेलं असतं. मुळं पाण्याबरोबर हे क्षार घेतात, ते पानाच्या टोकाशी जाऊन साठतात आणि तिथली पेशी मरते. आरओचं बाहेर टाकलं जाणारं पाणीही त्याच जातीचं. ते फरशी पुसायला वापरा, कुंडीला नको. बोअरचं पाणी जड असेल तर तेही टाळलेलं बरं. नळाचं पाणी चालतं, पावसाचं सगळ्यात उत्तम, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

आधीच साठलेले क्षार काढायला कुंडी न्हाणीघरात न्या आणि नळाचं साधं पाणी सावकाश ओता, कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट तरी, आणि ते तळाच्या भोकांतून पूर्ण वाहून जाऊ द्या. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हे करायचं. मातीवर पांढरी साय दिसली तर वरचा थर खरवडून काढून टाका.

कुलरच्या खोलीत झाड ठेवायला हरकत नाही. उलट आपल्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेपेक्षा कुलरची दमट हवा या झाडाला मानवते. फक्त झोताच्या समोर ठेवू नका. झोतात काड्या मोडतात आणि उडणारे तुषार वाळून पानांवर क्षाराचे डाग पडतात.

उजेडाचं म्हणाल तर हॉलचा कोपरा बहुधा कमी पडत असणार. नर्सरीत ते हिरव्या जाळीखाली होतं, तिथला उजेड आपल्या कोपऱ्याच्या कितीतरी पट असतो. पूर्वेच्या खिडकीशी ठेवा, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल. उत्तरेची खिडकीही चालते. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिलपासून मृग लागेपर्यंत टाळा. नवतपात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) दुपारी तीन-चारला काचेतून येणाऱ्या उन्हाने पानं पांढरी पडतात, आणि ती पुन्हा हिरवी होत नाहीत.

अंब्रेला पामच्या कुंडीखाली खोलगट ताटली ठेवून तिच्यात दोन बोटं पाणी कायम असू द्यावं. पण यातली एक गोष्ट मी फार मनावर घेतो. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास उडतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटली ओता, कडा घासणीने घासा (अंडी कडेलाच चिकटलेली असतात), कोरडी होऊ द्या आणि मगच भरा. कुलरच्या टाकीचा जो दिवस तोच ताटलीचा ठेवला की विसरायला होत नाही. घरात लहान मूल असेल तर यात एकही आठवडा चुकवू नका.

मोंडो ग्रास निघालं तर ताटलीत पाणी नको. वरची इंचभर माती कोरडी लागली की पाणी घाला, एवढं पुरे.

माती बदलायची झाली तर पाऊस सुरू झाल्यावर बदला, आता उन्हात नको. आपली काळी माती एकटी वापरू नका. ती ओली असताना चिकट गोळा होते आणि सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेला फट सोडते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. मी एक भाग माती, एक भाग कन्हान नदीची जाडी रेती आणि एक भाग गांडूळखत घेतो. खताची घाई करू नका. नवतपात तर अजिबात नको. पावसाळ्यात दर वीसेक दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, बस.

पानांच्या बेचक्यात बारीक जाळं दिसलं तर तो लाल कोळी. झाड शॉवरखाली धरून पानं खालून-वरून धुवा, दोन-तीन आठवडे दर चार दिवसांनी.

पिवळी पडलेली काडी अर्ध्यातून कापू नका, ती पुन्हा फुटत नाही. बुडाशी कापा, नवी काडी खालूनच येते. मात्र एखादी हिरवी, टवटवीत काडी मोडली तर ती फेकू नका. छत्रीखाली दोन इंच दांडा ठेवून कापा, पानं निम्मी छाटा आणि छत्री उलटी, म्हणजे दांडा वर करून, वाटीभर पाण्यात ठेवा. तीन-चार आठवड्यांत पानांच्या मधोमध मुळं आणि कोंब दिसू लागतील. तेवढे दिवस वाटी उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा आणि पाणी तीन दिवसांनी बदलत राहा.